पाच किलो सातशेचं दप्तर

गोटीला नवं दप्तर घ्यायचं ठरलं, त्या संध्याकाळी तिचे बाबा कामावरून येताना हुकाचा वजनकाटा खिशात घालून आले. तो पाहूनच आईच्या लक्षात आलं की ही खरेदी सरळ पार पडायची नाही.

बाबांचं काम वजनकाटे दुरुस्त करण्याचं. बाजारातल्या निम्म्या दुकानांचे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले. अशा माणसाला मग सवयच लागते. आईने आणलेली भाजी ते पिशवीसकट हातात तोलायचे आणि म्हणायचे, "नऊशे ऐंशी." आई म्हणायची, "मग? आता वीस ग्रॅमसाठी परत जाऊन भांडू का?" गोटी जन्मली तेव्हा दवाखान्यात सांगितलेलं तिचं वजनसुद्धा त्यांना पटलेलं नव्हतं. तिथला काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. आई त्याच दवाखान्यात परिचारिका असल्यामुळे हा विषय घरात सहसा निघत नसे.

गोटी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, वय वर्षं सात, इयत्ता दुसरी. चेहरा गोल आणि हातातून कधी निसटेल याचा नेम नाही, म्हणून गोटी.

दुकानात चौघे गेले, कारण आईच्या वडिलांना घरी ठेवून जाणं शक्यच नव्हतं. अप्पा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं पत्रांची पिशवी वागवून त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. खांद्यावरचं ओझं या विषयात आपल्याशिवाय कुणी तोंड उघडू नये, असं त्यांचं अगदी नम्र मत होतं.

गोटीने आत शिरताच एक दप्तर पसंत केलं. जांभळं, खाली दोन चाकं, ओढायला दांडी आणि चालताना लुकलुकणारे दिवे.

"हेच," ती म्हणाली.

बाबांनी खिशातून काटा काढला, दप्तर हुकाला अडकवलं आणि काटा डोळ्यांसमोर धरला. दप्तरवाला गल्ल्यामागून बघत राहिला.

"भाऊ, दप्तर घ्यायला आलात की मासळी विकायला?"

"एक किलो नऊशे," बाबा म्हणाले. "रिकामं! भरल्यावर हे दप्तर राहील की मालगाडी होईल?"

"त्याला चाकं आहेत ना बाबा," गोटी म्हणाली.

"आणि शाळेचा जिना? तिथे चाकं काय पंख होतात?"

अप्पांनी तेवढ्यात तीन-चार दप्तरांचे पट्टे ओढून पाहिले होते. "जावईबापू, नुसतं वजन बघून भागत नाही. पट्टा रुंद हवा आणि दप्तर कमरेच्या वर राहायला हवं. खाली लोंबलं की माणूस मागे ओढला जातो, मग पुढे वाकून चालतो. मी पहिली दोन वर्षं तसाच चाललो. लोकांना वाटायचं, हा काहीतरी शोधतोय."

अर्धा तास हा असा गेला. दप्तरवाला काढून दाखवायचा, बाबा टांगून बघायचे, अप्पा पट्टे ओढायचे, आई शिवण तपासायची आणि गोटी प्रत्येक दप्तराला "छी" म्हणायची. शेवटी एक हिरवं दप्तर सापडलं. वजन चारशे ऐंशी ग्रॅम, पट्टे रुंद, पाठीला गादी. तिन्ही मोठ्यांचं एकमत झालं. हे लग्नानंतर दुसऱ्यांदाच घडत होतं.

गोटीने दप्तर उलटंपालटं केलं. आतल्या बाजूला, पाठीलगत, चेन असलेला एक लपलेला कप्पा होता. तिने चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"हे चालेल," ती म्हणाली. "पण हा कप्पा माझा. तो कुणीच उघडायचा नाही. आईने पण नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

"असं नाही. तिघांनी म्हणा."

भर दुकानात तिघांनी म्हटलं. दप्तरवाल्यानेही म्हटलं, उगाच वाद नको म्हणून.

शाळा सुरू झाली आणि तीन आठवडे बरे गेले. गोटीला शाळेत सोडायचं काम अप्पांचं. चौथ्या आठवड्यात एकदा फाटकाशी पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं, तर नात चार पावलं मागे होती आणि समोरून वादळ यावं तशी वाकून चालत होती. वारा तर कुठेच नव्हता.

"आण इकडे, मी घेतो," अप्पा म्हणाले.

"माझं मी नेते," गोटी म्हणाली आणि पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरून आत गेली.

अप्पांनी घरी येऊन जावयाला सांगितलं. बाबांनी त्याच संध्याकाळी दप्तर नुसतं हातात उचललं आणि त्यांचा चेहरा पडला. पण अंदाजावर बोलणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं.

"उद्याच्या शाळेसाठी जसं भरता, अगदी तसंच भरा. डबा राहू दे. कुणी काही लपवायचं नाही, कुणी काही वाढवायचं नाही."

दप्तर भरलं गेलं. बाबांनी ते आपल्या दुकानातल्या मोठ्या काट्याला टांगलं. हा काटा ते मुद्दाम घरी घेऊन आले होते.

"पाच किलो सातशे," ते म्हणाले. मग गोटीला न्हाणीघरातल्या काट्यावर उभं केलं. "एकोणीस. म्हणजे ही पोरगी रोज स्वतःच्या जवळजवळ एक तृतीयांश वजन पाठीवर घेऊन जिना चढते. आपल्यापैकी कुणी जाईल का रोज वीस किलो घेऊन कामावर?"

"सांगतच होते मी," आई म्हणाली. "अप्पा तिच्या दप्तरात काहीही भरत असतात."

"मी?" अप्पा म्हणाले. "तुझी ती बाटली बघ आधी. बाटली नाही, पाण्याची टाकी आहे."

"भांडू नका. एकेक बाहेर काढू," बाबा न्यायाधीशासारखे म्हणाले. खरे न्यायाधीश मात्र निकालाआधी मनातल्या मनात स्वतःला निर्दोष ठरवत नाहीत. बाबांनी ठरवलं होतं.

पहिली बाटलीच निघाली. स्टीलची, काठोकाठ भरलेली, सव्वा किलोला जरा कमी. मग जादा कपड्यांचा जोड. मग लोकरीचा स्वेटर.

"या उकाड्यात स्वेटर?" बाबांनी विचारलं.

"वर्गातला पंखा जोरात फिरतो," आई म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता. त्याखालून एक पाकीट निघालं. त्यात पट्ट्या, कापूस, मलम, छोटी कात्री.

"अगं, ही शाळेत जाते की आघाडीवर?" अप्पा खुशीत आले. पण ती खुशी फार टिकली नाही, कारण पुढची वस्तू त्यांची होती. खिशात मावेल असा शब्दकोश.

"खिशात मावणारा आहे तो," अप्पा म्हणाले.

"कुणाच्या खिशात?" आईने विचारलं.

शब्दकोशामागून विजेरी आली. ती का, असं विचारल्यावर अप्पा म्हणाले, "दिवे गेले तर."

"सकाळी दहा वाजता?"

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं.

आता बाबांना चेव आला होता. त्यांनी दप्तरात हात घातला आणि बाहेर काढली ती लोखंडी पट्टी. एक फुटाची, जाड, त्यांच्याच कामाच्या पेटीतली. पाठोपाठ कंपासपेटी, जी पाचवी-सहावीत गेल्यावर लागली असती. आणि त्यांच्याखाली, फडक्यात नीट गुंडाळलेला, हुकाचा छोटा काटा.

सगळे टेबलावर वाकून बघू लागले.

"हा इथे कसा?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच दिलात ना," गोटी म्हणाली. "रोज सकाळी दप्तराचं वजन करत जा म्हणालात."

"मग करतेस?"

"हो. पण काटा बाहेर काढला की दप्तर हलकं होतं, आणि परत आत ठेवला की जड होतं. मग मी कंटाळले."

आईने तोंडाला पदर लावला. अप्पांनी काटा उचलून हातात तोलला आणि हुबेहूब जावयाच्या आवाजात म्हणाले, "तीनशे ग्रॅम."

पुस्तकं काढली तर सगळ्या विषयांची निघाली. वेळापत्रक पाहून भरत का नाहीस, असं विचारल्यावर गोटी म्हणाली, "बाईंनी एकदा बुधवारी मंगळवारचा तास घेतला होता." तेव्हापासून वेळापत्रकावरून तिचा विश्वास उडाला होता.

शेवटी दप्तर रिकामं झालं. बाबांनी ते सवयीने काट्याला अडकवलं आणि पुन्हा बघितलं.

"एक किलो पाचशे ऐंशी. रिकामं दप्तर चारशे ऐंशीचं आहे. अकराशे ग्रॅम कुठेतरी आहेत."

सगळ्यांची नजर एकदम चेन लावलेल्या कप्प्याकडे गेली. गोटीने दप्तर काट्यावरून खेचून छातीशी धरलं.

"तुम्ही म्हटलं होतं. दुकानात. तिघांनी."

"हो, पण अकराशे ग्रॅम, गोटी!"

"आण इकडे, मी बघते," आई म्हणाली. पेशंटच्या हातातला चाकू काढून घेतानाचा तो आवाज होता.

तेवढ्यात अप्पा मध्ये पडले. "थांब. एकतीस वर्षांत मी कुणाचं बंद पाकीट उघडलं नाही. आत काय आहे ते दिसत असायचं, वासावरून कळायचं, तरी नाही. तिला उघडायचं असेल तर ती उघडेल."

तिघेही थांबले. बाबांना थांबणं फार जड गेलं. अकराशे ग्रॅमचा हिशेब लागत नसताना हाताची घडी घालून बसायची त्यांना सवय नव्हती.

गोटीने बराच विचार केला. मग म्हणाली, "यातलं माझं नाहीये. वर्गाचं आहे." आणि तिने चेन उघडली.

आतून नॅपकिनमध्ये गुंडाळलेला एक दगड निघाला. गोल, गुळगुळीत, स्वच्छ धुतलेला.

"हा तर नळाखालचा दगड!" आई ओरडली. "म्हणजे महिनाभर बादली डुगडुगतेय ती यामुळे! मी म्हणत होते, फरशी खचली."

हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. गोटीच्या वर्गाचं दार वाऱ्याने धाडकन आपटायचं. शाळेच्या दुसऱ्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, दाराला लावायला कुणीतरी काहीतरी आणा रे. तिसऱ्या दिवशी गोटी दगड घेऊन गेली. एका मुलाने खोडरबर आणलं होतं, पण ते चाललं नाही. बाईंनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "शाब्बास. आजपासून दाराची जबाबदारी तुझी."

"बरं, मग?" बाबा म्हणाले.

"मग मी सकाळी लावते आणि शाळा सुटली की घरी आणते."

"रोज? अगं, तिथेच ठेवून यायचा ना!"

"चोरीला गेला तर?"

"दगड कोण चोरणार, वेडे?"

गोटीने बाबांकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्ही दुकान बंद करताना वजनं कुलपात ठेवता. ती पण नुसती लोखंडाची असतात. मी विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात, जबाबदारीच्या वस्तू उघड्यावर टाकून जायच्या नसतात."

 आई हसू दाबण्यासाठी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ काही न करता भांडी वाजवत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबा पेटी घेऊन स्वतः शाळेत गेले. दगडाची गोष्ट ऐकून बाई खुर्चीत बसल्या.

"रोज घरी नेते? अहो, मी सकाळी येते तेव्हा दगड दाराशी असतो. जाताना तो कुठे जातो, असा विचारच माझ्या मनात आला नाही." मग म्हणाल्या, "मीच विचारायला हवं होतं हो. एवढासा जीव."

त्यांचा चेहरा पाहून बाबांनी विषय बदलला आणि काटा बाहेर काढला. मुलांना एवढंच पुरलं. पाच मिनिटांत दारापासून फळ्यापर्यंत रांग लागली. प्रत्येकाचं दप्तर टांगलं जाऊ लागलं आणि आकडा ऐकून वर्ग टाळ्या वाजवू लागला. एका मुलाचं साडेचार किलो निघालं, एकीचं चार तीनशे. मग कुणीतरी मागून ओरडलं, "बाईंची पर्स!" बाई नको नको म्हणत असताना पर्स हुकाला लागली.

"सहा किलो शंभर," बाबा म्हणाले.

वर्ग एवढा ओरडला की शेजारच्या वर्गातले मास्तर काय झालं ते बघायला आले.

त्याच दिवशी बाईंनी कोपऱ्यातलं जुनं कपाट रिकामं केलं. त्यात फाटके नकाशे आणि कुणाचा तरी एकच बूट होता. ज्या दिवशी जी पुस्तकं लागणार नाहीत ती यापुढे तिथे राहतील, असं ठरलं. दार राहिलंच होतं. तेही बाबांनी उरकून टाकलं. भिंतीत एक पितळी हुक बसवला, दाराला कडी लावली. दार हुकाला अडकवलं आणि दोनदा हलवून पाहिलं. जरासुद्धा हललं नाही. आपल्या कामावर ते मनापासून खूश झाले आणि वळून पाहिलं, तर गोटी दगड पोटाशी धरून उभी होती.

ती वळली, आपल्या बाकावर जाऊन बसली आणि दगड दप्तरात ठेवला.

संध्याकाळी ती बाबांशी बोलली नाही. जेवताना तिला मीठ हवं होतं, तर तिने ते आईमार्फत मागितलं. झोपायच्या वेळी बाबा तिच्या खाटेपाशी बसले.

"दप्तर हलकं झालं ना गं?"

गोटी भिंतीकडे तोंड करून होती. "दार आता तुमचं आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे काहीच नाही."

 दुसऱ्याचा काटा उघडण्याआधी ते नेहमी विचारायचे: काय होतंय, कधीपासून होतंय, उघडू का? गोटीला त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. ओझं काढायला गेले आणि त्यासोबत तिचं काम काढून घेऊन आले.

"हुक काढून टाकू का?" त्यांनी विचारलं.

 मग ती वळली. "तो तसाही चुकीचा लागलाय."

"चुकीचा? माझा?"

"माझा हात पोचत नाही. कुणाचाच नाही. फक्त बाईंचा पोचतो. आज त्या दार सोडवून, ओढून घेऊन बाहेर गेल्या, मग ते कुणालाच परत अडकवता आलं नाही. मी शेवटी दगडच लावला."

बाबांनी कपाळाला हात लावला. अख्ख्या बाजाराचे काटे बिनचूक लावणाऱ्या माणसाने दुसरीच्या वर्गातला हुक स्वतःच्या डोक्याच्या उंचीवर बसवला होता.

सकाळी शाळा भरायच्या आधी दोघं वर्गात गेले. बाबांनी हुक काढला, भोक बुजवलं. आता कुठे लावायचा ते गोटीने सांगायचं होतं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात सरळ पुढे केला, थोडा वर, थोडा खाली, आणि म्हणाली, "इथे. पेन्सिल द्या." बाबांनी निमूटपणे पेन्सिल दिली आणि तिने खूण केली त्याच जागी हुक बसवला. मग गोटीने स्वतः दार तीनदा अडकवलं आणि तीनदा सोडलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. एवढं कौतुक बाबांना पुरलं.

दगडाचा निर्णयही तिनेच घेतला. हुक तुटला तर लागेल म्हणून तो कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर राहणार होता, आणि शाळा सुटताना तो जागेवर आहे की नाही हे ती रोज पाहणार होती. बाईंनी हे सगळं फळ्यावर लिहून घेतलं, गोटीचं नाव वर घालून.

पुढच्या सोमवारी दप्तर भरलं गेलं. दोन पुस्तकं, दोन वह्या, डबा, छोटी बाटली. काटा दोन किलोच्या जरा आतच थांबला. गोटीने दप्तर पाठीला लावलं, चार पावलं चालली आणि मागे हात घालून चाचपलं. आहे की विसरलं, तिला कळेना. मग ती निघाली ती पळतच.

अर्ध्या तासाने अप्पा परत आले ते घामाघूम होऊन. खांद्यावरची कापडी पिशवी त्यांनी धप्पकन टेबलावर टाकली आणि खुर्चीत बसले.

"त्या दप्तरात काहीतरी परत टाका रे," ते म्हणाले. "किलोभर तरी. मला तिच्या मागे धावता येत नाही. एकतीस वर्षं कुत्रे माझ्या मागे लागायचे, आता मी नातीच्या मागे."

बाबांचं लक्ष पिशवीकडे होतं. ती पडल्याचा आवाज त्यांना फार जड वाटला होता. त्यांनी ती न विचारता उचलली, मग आठवण झाली म्हणून खाली ठेवली आणि विचारलं, "अप्पा, बघू का?"

अप्पांनी आईकडे पाहिलं. आईला अचानक खिडकीच्या पडद्याला पडलेली एक सुरकुती दिसली.

पिशवीत स्टीलची बाटली होती, काठोकाठ भरलेली. कपड्यांचा जोड, पट्ट्या आणि मलमाचं पाकीट. स्वेटरसुद्धा होता. आणि शब्दकोश, पण तो अप्पांनी लगेच, "हा माझा मी ठेवलाय," असं सांगून बाजूला घेतला.

"शाळेच्या फाटकापर्यंतच तर आहे," आई म्हणाली. "वाटेत काही लागलं तर?"

"माझ्या पोरीला नाही म्हणता येत नाही हो, जावईबापू," अप्पा म्हणाले आणि डावा खांदा चोळू लागले.

बाबांनी खिशातून काटा काढला. मग अप्पांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि तो पुन्हा खिशात ठेवला.

"चला, मी चहा टाकतो," ते म्हणाले.